एकमताने

उपस्थित: आत्या (घर तिचं, म्हणून अध्यक्षस्थानी तीच), दादा, वहिनी, धाकटी.

गैरहजर: आई, नऊ वर्षांपासून. अप्पा, सहा वर्षांपासून.

शनिवार, दुपारचे तीन. सभा कुणीच बोलावलेली नव्हती. दादा आणि धाकटी, दोघेही आत्याला एकटीला गाठायला निघाले होते आणि दोघांची गाठ जिन्यातच पडली.

"तू इथे कशी?"

"आत्याकडे यायला आता महासभेची परवानगी लागते का?"

"मी नुसतं विचारलं, चिमणे."

"सचिवसाहेब नुसतं कधी विचारतात?"

मागून वहिनी जिना चढत होती. दादाची फाइल तिच्या काखेत होती. नणंद दिसताच तिने ती पर्समागे धरली. एवढी जाड फाइल एवढ्याशा पर्समागे लपत नाही, हे तिघांनाही दिसलं. 

आत्याने दार उघडलं, तिघांना एकत्र पाहिलं आणि म्हणाली, "खुर्च्या दोनच आहेत. एकाला माझ्याबरोबर पलंगावर बसावं लागेल."

दोघंही भावंडं पलंगाकडे गेली.

विषय १. पार्श्वभूमी (वाचली असे समजण्यात आले)

महासभा म्हणजे या ख्रिस्ती पंथाच्या सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या प्रतिनिधींची, वर्षातून एकदा भरणारी सभा. एकतीस वर्षांपूर्वी तिने आपलं कॉलेज एका स्वतंत्र नियामक मंडळाच्या हवाली केलं. ठराव क्रमांक सतरा, एकमताने. दीड वर्षापूर्वी महासभेच्या नव्या कार्यकारिणीने जाहीर केलं की तो ठराव कायद्याने झालाच नव्हता, कॉलेज आमचं होतं आणि आहे. कार्यकारिणीचा सचिव दादा. पेशाने पाळक, आणि अप्पांनी ज्या खुर्चीत बसून सव्वीस वर्षं सचिवपद सांभाळलं त्याच खुर्चीत बसणारा. कॉलेजची प्राचार्य धाकटी.

महासभेने दुसरे प्राचार्य नेमले. दोन्ही प्राचार्यांनी कार्यालयाच्या दाराला आपापलं कुलूप लावलं, तेव्हा कोर्टाने तिसरं लावलं. तेव्हापासून धाकटी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसते. तिच्या पाठीमागच्या कपाटात बरण्यांमधले बेडूक आहेत, आणि भेटायला येणारे तिच्याशी बोलताना बेडकांकडे बघतात. दुसरे प्राचार्य जिमखान्यात बसतात. त्यांचं टेबल म्हणजे जाळी काढलेलं टेबल टेनिसचं टेबल. सूचनाफलकही दोन झाले. विद्यार्थी दोन्ही वाचतात आणि सोयीची सूचना पाळतात.

वहिनी कॉलेजची ग्रंथपाल. वाचनालयाला अजून एकच कुलूप आहे.

सतराव्या ठरावाच्या दिवशी महासभेच्या कार्यालयात नोकरीला असलेल्यांपैकी आज जिवंत आहे ती एकटी आत्या. चौतीस वर्षं टंकलेखिका. बोटांवरचा काळा-निळा रंग कधी गेलाच नाही, म्हणून घरात तिला कार्बन म्हणत, तोंडावरसुद्धा. सोमवारी कोर्टात कॉलेजच्या बाजूने तिची साक्ष होती. वकिलाने प्रतिज्ञापत्र तयार करून दिलं होतं, त्यात शेवटचं वाक्य: 'सदर इतिवृत्त हे सभेत घडले त्याप्रमाणे खरे व बरोबर आहे.' फक्त सही राहिली होती. धाकटी ती घ्यायला आली होती. दादा ती थांबवायला आला होता.

विषय २. शिक्का

"आधी हे बघ, आत्या," दादा म्हणाला आणि वहिनीकडे न बघता तिच्यासमोर हात पसरला. वहिनीने फाइल दिली.

त्या सभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स होती. पहिल्याच पानावर वाचनालयाचा गोल शिक्का. आवक, तारीख तेरा.

"सभा कधी झाली? चौदाला. इतिवृत्त वाचनालयात कधी आलं? तेराला." दादा मान हलवत होता, प्रवचनात मुद्दा जमला की तो अशीच मान हलवायचा. "सभेच्या आदल्या दिवशी सभेचं इतिवृत्त. यावर तू सही करणार?"

धाकटीने पान ओढून घेतलं. बघितलं. मग वहिनीकडे बघितलं.

"हे तुम्ही दिलंत?"

"कोर्टाने मागितलं, मॅडम. प्रमाणित प्रत."

घरात वहिनी तिला मॅडम म्हणाली की पुढचं सगळं बोलणं कामावरचं असतं, हे धाकटीला ठाऊक होतं.

"शिक्का टाळून झेरॉक्स काढता आली नसती?"

"शिक्का पानाच्या मधोमध आहे. माझ्या आधीचे ग्रंथपाल शिक्का असा मारायचे, जसं काही पान पळून जाणार आहे."

"तुम्हाला कधी दिसला हा?"

वहिनी बांगडी फिरवू लागली. शिक्का तिला अकरा वर्षांपूर्वी दिसला होता, जुनी कागदपत्रं लावताना. तेव्हा तिला वाटलं होतं, तारखेचं चाक एक घर मागे राहिलं असेल. दावा लागल्यावर तो तिला पुन्हा आठवला आणि ती आठ दिवस गप्प राहिली. नणंदेला सांगावं तर घरात फितूर, नवऱ्याला सांगावं तर नोकरीत फितूर. शेवटी ज्याच्याबरोबर सकाळी एकाच आरशापुढे दात घासावे लागतात त्याला तिने सांगितलं. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं.

"दिसला तेव्हा दिसला," ती म्हणाली.

"तारखेचं चाक अडकलं असेल," धाकटी म्हणाली.

"ते तुझ्या वकिलाने म्हणावं. मग आमचा वकील आवक रजिस्टर काढेल. त्याच पानावर, त्याच शिक्क्याने, तेरा तारखेचं वर्तमानपत्र आलेलं आहे. तेही एक दिवस आधी छापलं होतं का?"

"दादा, तू पाळक झालास आणि आम्ही एका चांगल्या फौजदाराला मुकलो."

"विषय बदलू नकोस."

"चाक बरोबर होतं," आत्या म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळली.

"मीच नेऊन दिलं होतं. तेरा तारखेला, साडेचार वाजता. ग्रंथपाल चहा पीत होते. कप खाली ठेवला, शिक्का मारला, पुन्हा कप उचलला."

विषय ३. कामाची पद्धत

आत्याच्या मते यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. कुणी कधी विचारलं नाही, एवढंच. तिने ते शांतपणे सांगितलं, नव्या मुलीला काम समजावून द्यावं तसं.

सभासद लांबून यायचे. सभा तीनला संपायची, परतीची गाडी चारला. रविवारी आपापल्या मंडळीत इतिवृत्त वाचून दाखवायचं असायचं, म्हणजे ते हातात घेऊनच गाडीत बसायला हवं. पोस्टाने पाठवलं तर दोन रविवार जायचे. आता आठ पानांची स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल मशीनवर दोनशे चाळीस प्रती फिरवायच्या, शाई सुकवायची, टाचायच्या. हे तासाभरात होतं का? नाही होत. मग काय करायचं? अप्पा बारा तारखेला मजकूर सांगायचे, ती तेराला छापायची.

"सभा व्हायच्या आधी," दादा म्हणाला.

"सगळं समित्यांमधून ठरूनच यायचं रे. सभेत फक्त वाचायचं आणि आमेन म्हणायचं. 'चर्चेअंती' हा शब्द मी चर्चेआधी टाइप करायचे. उपस्थितीचा आकडा रिकामा ठेवायचा, तो पेनने भरायचा."

"आणि कुणी वेगळंच काही बोललं तर?"

"नाही बोलायचं कुणी. चौतीस वर्षांत दोनदा गडबड झाली. एकदा सभापतींना व्यासपीठावरच घेरी आली, चौघांनी उचलून नेलं. इतिवृत्तात त्यांनी समारोपाचं हृद्य भाषण केलेलं आहे."

वहिनीला हसू आलं. तिने खोकल्यासारखं केलं.

दादाने खिशातून पेन काढलं होतं. "म्हणजे सगळीच इतिवृत्तं? दर वर्षीची?"

"दर वर्षीची."

"थांब, दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा हलका झाला होता. "तुला पाळक म्हणून मान्यता देणारा ठराव कुठल्या सभेतला? अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या ना? म्हणजे तोही आदल्या दिवशीचा. तू लावलेली सगळी लग्नं काढ आता कोर्टात."

"आपलंसुद्धा," वहिनी म्हणाली.

"आपलं मी कुठे लावलं? मी नवरदेव होतो."

"तेच म्हणते. ज्यांनी लावलं ते तरी कधीचे पाळक, कोण जाणे."

क्षणभर चौघंही हसली. मग दादाने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"दोनदा म्हणालीस, आत्या. दुसऱ्यांदा काय झालं?"

विषय ४. ठराव क्रमांक सतरा

आत्या उठली. खिडकी बंद केली. बाहेर कुणी नव्हतं.

"महासभेच्या घटनेत कलम आहे," ती म्हणाली. "संस्था किंवा मिळकत हातातून द्यायची असेल तर नुसतं आमेन चालत नाही. सभापती म्हणतात, विरोध असेल त्यानं उभं राहावं. एक माणूस जरी उभं राहिलं तरी त्याला कारण विचारायचं, आणि ठराव पुढच्या वर्षापर्यंत तहकूब."

"कलम बारा," दादा म्हणाला. ते त्याला पाठ होतं. दाव्यात त्याचा उपयोग झाला नव्हता, कारण उभं राहिल्याची नोंद कुठेच नव्हती.

"सभापतींनी ठराव वाचला. नव्या मंडळाची बारा नावं वाचली. विरोध असेल त्यानं उभं राहावं, म्हणाले. मी मधल्या दारात होते, बायकांच्या बाकांजवळ. चौथ्या रांगेतली एक बाई उभी राहिली."

"कोण?"

"तुमची आई."

धाकटीने दादाकडे बघितलं.

"महिला मंडळाची प्रतिनिधी होती ना ती. वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून. सभापतींनी तिच्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. आता कारण विचारणार, तेवढ्यात तीच म्हणाली, नव्या मंडळात एकही बाई नाही. एवढंच म्हणाली. पुढे काही बोलणार होती. अप्पा उठले आणि माइकवर म्हणाले, आपण प्रार्थनेसाठी उभे राहू या."

आत्याने हात गुडघ्यांवर ठेवले. बोटं अजूनही निळसरच होती.

"दोनशे बारा माणसं उभी राहिली. बाकं सरकली. मग ती कुठे दिसणार?"

धाकटीला दिसली. ती त्या वेळी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, सभेत नव्हती. तरी तिला दिसली. मग तिला आठवलं की दहा वर्षांपूर्वी ती प्राचार्य झाली, कॉलेजमधली पहिली बाई प्राचार्य, त्या दिवशी आई कार्यालयात आली होती. पाहुण्यांच्या खुर्चीत बसली, चौफेर बघितलं आणि म्हणाली, खिडकी बरी आहे. बाकी काही नाही. धाकटीला तेव्हा जरा राग आला होता. हार घेऊन आलेले लोक किती काय काय बोलले होते.

"मी तिथे होतो," दादा म्हणाला. "मागे. स्वयंसेवक होतो. प्रार्थना आठवते मला. अप्पांची सगळ्यात सुंदर प्रार्थना होती ती."

"होतास. डोळे मिटून."

"मग तू काय केलंस?" धाकटीने विचारलं. "तुला तर माहीत होतं."

सभेपेक्षा पुढचं सांगणं आत्याला जड गेलं.

"प्रती टाचून तयार होत्या. सगळ्यांवर एकमताने. मी अप्पांना म्हटलं, निदान शब्द खोडू या, पेनने. दोनशे चाळीस होत्या, पण झाल्या असत्या. ते म्हणाले, लोकांची गाडी चुकेल. मग मी वाटल्या." ती थांबली. "तुमची आई आली प्रत घ्यायला. वाचली. म्हणाली, टायपिंग अगदी स्वच्छ आहे तुझं. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. मीही नाही."

विषय २ वर पुनर्विचार

चहा वहिनीने केला. कपही तिनेच शोधले. ती परत आली तेव्हा बाजू बदललेल्या होत्या, आणि हे तिला लगेच लक्षात आलं नाही.

"सोमवारी हे बोलायचं नाही," कुणीतरी म्हणत होतं, आणि तिने सवयीने धाकटीकडे बघितलं. बोलत होता तिचा नवरा.

"अहो, तुम्हालाच तर हवं होतं ना?"

"मला तारीख हवी होती. शिक्क्यावर आपण जिंकतो. आत्या फक्त सांगेल, हो, आदल्या दिवशी टाइप केलं. झालं. उभं राहण्याचं मध्ये आणायची गरजच नाही."

"का?" धाकटी म्हणाली.

"गरज नाही म्हणून."

"का, दादा?"

"सभागृहात अप्पांचा फोटो आहे, चिमणे. माझ्या डोक्यावर. दर सभेला मी त्याच्याखाली बसतो. उद्या लोक त्या फोटोकडे बघून काय म्हणणार? प्रार्थनेचा असा उपयोग केला? स्वतःच्या बायकोविरुद्ध?"

"केला ना पण."

"घाई झाली असेल. गाडी होती चारची."

"तीन वाजायला दोन तास होते," आत्या म्हणाली.

दादाने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. धाकटीने पर्स उघडली. प्रतिज्ञापत्र काढलं, त्याची घडी केली, परत आत टाकलं.

"सही नको, आत्या. तू तोंडीच सांग. सगळं सांग."

"तू हरशील," दादा म्हणाला. तो खरंच काळजीने बोलला. "ठराव तहकूब झाला असं धरतील. म्हणजे कॉलेज महासभेकडेच. पहिल्या दिवशी तुला काढतील. मला थांबवता येणार नाही, मी एकटा नाही तिथे."

"शिक्क्यावर हरण्यापेक्षा आईमुळे हरेन."

"हे वाक्य भाषणात बरं आहे."

"भाषणात मी दीड वर्षं एकमताने, एकमताने करत हिंडले. प्रत्येक भाषणात. ती नव्हती ऐकायला ते बरं." तिने जरा श्वास घेतला. "तुझ्या नव्या समितीत किती बायका आहेत रे? कॉलेज ताब्यात आल्यावर जी चालवणार आहे, त्या यादीत?"

"तो विषय वेगळा."

"किती?"

"यादी तात्पुरती आहे."

वहिनीने चहा प्यायला. यादीची स्वच्छ प्रत जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोरच झाली होती. बारा नावं. तिने एक स्पेलिंग दुरुस्त करून दिलं होतं.

धाकटीने वकिलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.  पलीकडून आवाज आला, खोलीभर ऐकू गेला: "आजींची तब्येत बरी नसते का हल्ली?"

"ठणठणीत आहे. तीन जिने चढते."

"मग चढताना जरा जपून म्हणावं," वकील म्हणाला आणि मग, "सॉरी. पण मॅडम, मग मी त्यांना साक्षीला कशाला बोलावलं?"

"मला कुणीतरी विचारणार आहात का?" आत्या म्हणाली.

फोन बंद झाला.

"एक म्हणतो तारीख सांग, बाकीचं नको. काल फोनवर म्हणत होता सगळं खरं सांग. ती काल म्हणत होती सही कर, आज म्हणते सगळं सांग. अप्पाही असेच सांगायचे, मी घ्यायचे. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. सोमवारी मला जे विचारतील त्याचं उत्तर मी तिथे उभी राहिल्यावर देईन. तुम्ही दोघांनी येताना मजकूर आणू नका."

चर्चा झाली असे म्हणता येणार नाही. दादा आणि वहिनी आधी निघाले. जिन्यात वहिनी म्हणाली, "फाइल राहिली वर." दादा म्हणाला, "राहू दे." चार पायऱ्या उतरल्यावर तो परत गेला आणि घेऊन आला.

ऐनवेळचे विषय

सोमवार, सकाळी साडेअकरा. वहिनी दीड वर्षं कोर्टात एकाच जागी बसत आली होती: तिसऱ्या रांगेत, मधोमध, पंख्याखाली. डावीकडे कॉलेज, उजवीकडे महासभा. तिथे बसलं की कुणाच्या बाजूने बसली असं म्हणता येत नसे. फार वारा लागे एवढंच.

आत्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. खुर्ची देऊ केली, तिने नको म्हटलं. शपथ घेतली. धाकटीच्या वकिलाने, दात दुखत असल्यासारख्या चेहऱ्याने, तिला पहिला प्रश्न विचारला आणि मग तिला बोलू दिलं.

कामाची पद्धत तिने शनिवारच्याच क्रमाने सांगितली. न्यायाधीश ऐकत, आणि दर दोन-तीन वाक्यांनी त्याचा सारांश खाली बसलेल्या टंकलेखिकेला सांगत. ती टाइप करी. आत्या तेवढा वेळ थांबे. एकदा तर तिने न विचारता सांगितलं, "'तेरा' अक्षरात घ्या, आकड्यात नको. आकडा पुसतो." न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि अक्षरात घ्यायला लावलं.

मग चौथी रांग आली. मग आई.

"त्या काय म्हणाल्या?"

"नव्या मंडळात एकही बाई नाही."

महासभेचा वकील उठला. विरोध झाला, एवढी नोंद पुरेशी आहे. विरोधाचं कारण दाव्याशी संबंधित नाही, ते घेऊ नये. न्यायाधीश विचार करत होते. वकील खाली वाकून दादाच्या कानाशी लागला. वहिनीला सगळं ऐकू आलं, कारण पंखा तेव्हा बंद होता.

"साहेब, आपली बारा जणांची यादी फाइलवर आहे. हे वाक्य रेकॉर्डवर आलं की ते ती यादी काढतील. पुढच्या महासभेतही काढतील."

"माहीत आहे. मीच लिहिली आहे."

"मग?"

"घेऊ द्या," दादा म्हणाला.

वकील बसला. वाक्य टाइप झालं. धाकटी समोरच्या बाकावरून भावाकडे बघत होती. त्याने बघितलं नाही.

पुढे प्रार्थना आली. दोनशे बारा माणसं उभी राहिली. न्यायाधीशांनी तेही सांगितलं, तेही घेतलं गेलं.

"प्रार्थनेनंतर सभा पुढे चालू झाली?"

"झाली. सगळे बसले." आत्या थांबली, पण या वेळी टाइप होण्यासाठी नाही. "त्या बसल्या नाहीत."

"म्हणजे?"

"उभ्याच राहिल्या. पुढचे तीन ठराव झाले. सगळे बसलेले आणि त्या एकट्या उभ्या."

धाकटीने वकिलाकडे बघितलं. हे शनिवारी आलं नव्हतं.

"आणि हे कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी पाहिलं. सभापतींनी पाहिलं. सचिवांनी पाहिलं. मागच्या एका स्वयंसेवकाला वाटलं, बसायला जागा उरली नाही. तो बाजूच्या वर्गातून खुर्ची घेऊन आला. त्यांच्यामागे ठेवली, आणि हात धरून म्हणाला, बस."

"मग बसल्या?"

"हो. मग बसल्या."

टंकलेखिकेची बोटं चालत होती. न्यायाधीश कागद चाळत होते. हे स्वयंसेवकाचं कुणालाच महत्त्वाचं वाटलेलं दिसलं नाही. आत्या सरळ समोर बघत होती.

"या स्वयंसेवकाचं नाव साक्षीदाराला आठवतं का?" न्यायाधीशांनी विचारलं.

आत्याने टंकलेखिकेच्या बोटांकडे बघितलं.

"आठवतं का?"

"मला सांगायचं नाही," आत्या म्हणाली.

"सांगावं लागेल."

महासभेचा वकील उठायच्या बेतात होता. त्याच्या शेजारी जागा हलली आणि त्याला वाटलं सचिवसाहेबांना बाहेर जायचं आहे, म्हणून त्याने पाय बाजूला घेतले.

दादा बाहेर गेला नाही. "मी," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "मी आणली होती खुर्ची. तिची कंबर दुखत असेल, असं वाटलं मला."

"तुम्ही बसा," न्यायाधीश म्हणाले. "तुमची साक्ष आत्ता चालू नाही."

टंकलेखिका बोटं वर धरून थांबली. हे घ्यायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं. ती न्यायाधीशांकडे बघत होती, न्यायाधीश दादाकडे. दादा आत्याकडे बघत होता, आणि आत्या आता त्याच्याकडे बघत होती.

"घ्या," न्यायाधीश म्हणाले.